तीन मिनिटं

मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजात एकोणीस वर्षं
मी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले.
रत्नागिरी, हुबळी, इंदूर.
कानाला हेडसेट, हातात दोऱ्या,
आणि भिंतीवर ठळक रंगवलेलं:
संभाषण ऐकू नये.

पुढे माझीच लाइन गेली.
आधी उजवी, मग डावी.
मशिनं बदलली, आवाज वाढवत नेला,
शेवटी कानात पोचायचा तो नुसता
मोठा झालेला गाळ.
नऊ वर्षं मी ह्यांचे ओठ वाचले.
त्यात ह्यांना मिशी.

परळच्या हॉस्पिटलात डेल्झीन नावाच्या मुलीनं
केसपेपरच्या मागे शंख काढला, अडीच वेढ्यांचा.
आतले बारीक केस मेलेत, मावशी,
पण नस जिवंत आहे.
केसांना वगळून आपण थेट नसेला गाठायचं.
शंखात एक तार सरकवतात, तिच्यावर बावीस ठिपके.
बावीस?
आमच्या एका बोर्डावर याहून जास्त लाइनी होत्या, म्हटलं,
आणि तुम्ही बाविसात अख्खी मुंबई कोंबणार?
ती हसली.
पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं:
आवाज मशीन पोचवेल.
अर्थ तुम्ही लावायचा.

कानामागचं भादरलं. टाके घातले.
तीन आठवडे थांबा, मग चालू करू.
पेडणेकरवहिनींना वाटलं होतं,
बटण दाबलं की मी सिनेमातल्यासारखी रडेन.
बटण दाबलं. हे काहीतरी बोलले.
मला ऐकू आलं ते
पत्र्यावर चमचे पडल्यासारखं.
हे बोलत राहिले, चमचे पडत राहिले.
रडले मी. पण वहिनींना वाटलं तसं नाही.

मग रोज अकरा ते बारा सराव.
लाइटच्या जुन्या बिलानं तोंड झाकून हे म्हणायचे,
पाणी.
राणी, मी.
पाणी.
वाणी?
बिल खाली. मिशी. पा-णी, अगं, पाणी.
एकदा त्यांना खरोखरच तहान लागली होती.

डेल्झीन कॉम्प्युटरवर एकेक लाइन
कधी चढवायची, कधी उतरवायची.
चमच्यांना हळूहळू कडा आल्या.
पहिली आली मोहरी.
मग कबुतरं, ती कुणी मागवली नव्हती.
पंखा इतकी वर्षं कुरकुरतोय
हे मला एकानंही सांगितलं नाही.
‘श’ आला फार उशिरा, ‘स’च्या मागं लपत.
रेडिओवरचं गाणं अजून भांडणच वाटतं.
डोक्याची चकती लोहचुंबकाची,
वाकले की निसटते नि गोदरेजच्या कपाटाला जाऊन चिकटते,
तेवढा वेळ कपाट ऐकतं.
रात्री ती काढून डबीत ठेवते.
मग मी पुन्हा ठार बहिरी,
आणि खरं सांगू, झोप छान लागते.

काल दुपारी ओट्याशी कडवे वाल सोलत होते,
आतल्या खोलीकडे पाठ.
ओठ नाहीत, बिल नाही, यादीतला एकही शब्द नाही,
आणि एक अख्खं वाक्य
चपला काढून आत येऊन बसावं तसं आलं:
‘पेणची जागा देऊन टाकली रे, अरविंद.
कुंदाला नको सांगूस.’

नऊ वर्षांनी धड ऐकलेलं पहिलं वाक्य,
आणि कॉल माझा नव्हता.

हात आपोआप वर गेला,
दोरी उपटायला जायचा तसा.
चकती काढली, वालांच्या सालींशेजारी ठेवली.
समोर घड्याळ.
एक. दोन.
दाणे दोन बोटांत दाबले की सुटत होते, बिनआवाज.
तीन मिनिटं झाली,
लाइन परत जोडली.

हे दारात उभे होते.
पाणी, म्हणाले.
इतकं स्वच्छ, की मिशीसुद्धा ऐकू आली.

मी मान वळवली नाही.
नाणी? विचारलं.